तीन नातजावई आणि एक टकल्या

४ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्या पाया पडतो. खरं म्हणजे वाकलो की कंबर धरते, तेव्हा कागदावरच पडलो असं समज आणि कागदावरच उठव.

सुखरूप पोचलो. गाडीत दोनदा वाटलं की पिशवी गेली, पण ती माझ्याच मांडीखाली होती. चिमीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याचा कठडा हलतो. तिला सांगितलं, तर म्हणते, "आजोबा, तो मी राहायला आले तेव्हापासून हलतोय." मी म्हटलं, "म्हणजे आता पडायची वेळ जवळ आली." ती हसली. पोरीला कशाचीच भीती नाही, याचीच मला भीती वाटते.

आता कामाचं. तू घातलेली अट पुन्हा लिहून काढतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर आत्ताच कान धर. चिमीला ज्या मुलाशी लग्न करायचंय त्याचं या वस्तीत पिझ्झ्याचं दुकान आहे. ती म्हणाली, त्याच्यासारखा पिझ्झा इथे कुणी करत नाही. तू म्हणालीस, प्रत्येक पोरीला आपल्या माणसाबद्दल असंच वाटतं. भित्रू, म्हणजे मी, जाईल, त्याला कुणी काही सांगायचं नाही, तो सगळीकडे खाईल आणि सगळ्यात चांगलं एक दुकान सांगेल. ते त्या मुलाचं निघालं तर लग्नात तू सगळ्यांत पुढे. नाही निघालं तर चिमीने हट्ट सोडायचा आणि तू निवडशील त्या मुलाशी लग्न करायचं, म्हणजे तुझ्या मनातल्या त्या विमा कंपनीवाल्याशी. चिमी "चालेल" म्हणाली. माझा मुलगा आणि सून "अक्का म्हणेल तसं" म्हणून मोकळे झाले. मधे सापडलो मी. माझ्या जिभेवर नातीचं लग्न ठेवलंय, अक्का. याच जिभेने गेल्या वर्षी खोकल्याचं औषध सरबत समजून संपवलं होतं.

चिमी सकाळीच चष्म्याच्या दुकानात जाते, तिथे ती लोकांचे डोळे तपासते. मुलाबद्दल अक्षर बोलत नाही. म्हणते, "फसवून जिंकायचं असतं तर पैज कशाला लावली असती, आजोबा?" खिडकीतून बघितलं तर एका रस्त्यावर पिझ्झ्याच्या चार पाट्या. वळणापलीकडे आणखी असणार. पाचक गोळ्यांची बाटली उशाशी ठेवली आहे.

पण माझ्याकडे एक युक्ती आहे. नोकरीत मी तिकिटं कधी आधी बघितली नाहीत. मागच्या दाराने बसमध्ये चढायचो आणि तोंडं बघायचो. जो एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो, तो विनातिकीट. इथेही तसंच करीन. चिमीने त्या मुलाला सांगितलंच असेल की आजोबा येणार. जो नजर चुकवील, तो आपला.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

भित्रू,

ऊठ. कागदावर पडून राहिलास तर तिथेही सर्दी होईल.

अट बरोबर लिहिलीस. युक्ती मात्र चुकीची. तुला मुलगा शोधायला पाठवलेला नाही, पिझ्झा शोधायला पाठवलं आहे. मुलगा आधी कळला तर तुझी जीभ लगेच पाघळेल, मला माहीत आहे. लहानपणी माझ्या हातचा करपलेला भातसुद्धा तू "छान" म्हणायचास, कारण मी समोर उभी असायचे.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "हो हो" करतोस. कागदावर मला तुझं खरंखोटं कळतं. खोटं लिहिताना तुझं अक्षर सुधारतं.

एक विचारायचं राहिलं. त्या पिझ्झ्याची कड कडक असते की मऊ? नुसतं विचारते आहे.

अक्का


१३ फेब्रुवारी

अक्का,

मुलगा सापडला!

रागावू नकोस, मी शोधला नाही, तो आपोआप सापडला. काल त्या मोठ्या काचेच्या दुकानात गेलो. इथे वारा बोचतो, म्हणून माझं नोकरीतलं खाकी जाकीट घातलं होतं. बिल्ला काढला तरी बिल्ल्याची जागा अजून गडद दिसते, पण ऊब चांगली देतं. दारात उभं राहून आतली माणसं मोजली, सवयच आहे. बसण्याआधी टेबलाच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं. लोक बसच्या सीटला खालून च्युइंगम चिकटवायचे, तेव्हापासून मला तो धसका आहे. वर बघतो तर गल्ल्यावरचा तरुण पांढरा पडलेला. मी बघितलं की तो छताकडे बघायचा.

मग तो स्वतः आला. टेबल पुसलं. परत पुसलं. म्हणाला, "साहेब, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "कळवून आलो तर खरं काय ते कसं दिसणार?"

त्याला घाम फुटला, अक्का! मग एवढा मोठा पिझ्झा आला की मला वाटलं घरच्या सगळ्यांचा एकदम आणला. चीज ताटापासून तोंडापर्यंत ताणलं गेलं आणि तुटेचना. क्षणभर वाटलं की कवळी निघून चाललीय. पण चव! मी अर्धा संपवला आणि एकही गोळी लागली नाही. पैसे द्यायला गेलो तर हात जोडून म्हणतो, "तुमचा शब्द आमच्या बाजूने असू द्या." आता आणखी काय पुरावा हवा? मुलगा दिसायला बरा आहे. जरा घाबरट आहे, पण ते आपल्या घरात चालून जाईल.

वाटेत आणखी एक दुकान लागलं, दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं तिथे. तो तर उद्धटच निघाला. कोपरापर्यंत पीठ माखलेलं, माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "काका, रांग तिकडून आहे." आणि मला एका बाबागाडीवाल्या बाईच्या मागे उभं केलं! पिझ्झा बरा होता, मधे जरा जाड. पैसे पुरेपूर घेतले. त्याला मनातून खोडून टाकलं.

कड काचवाल्याकडे मऊ होती, पायरीवाल्याकडे कडक. तू का विचारतेस?

तुझा धाकटा


१७ फेब्रुवारी

भित्रू,

नुसतं विचारलं. माणसाने विचारू नये का?

एका दुकानात खाऊन निकाल लागत नसतो. बाकीची दुकानं कर. आणि ज्याने फुकट खायला घातलं त्याच्याबद्दल तुझं अक्षर फार गोल गोल झालं आहे, हे मी बघितलं.

पिठात काय घालतात तेही बघून ठेव.

अक्का


२२ फेब्रुवारी

अक्का,

फार वाईट बातमी आहे. खाली बस आणि मग वाच.

आणखी एक मुलगा सापडला. आणि त्यानंतर आणखी एक.

शोभेच्या माशांची काचेची पेटी ठेवलेल्या दुकानात गेलो. मालकाच्या हातातली बशी मला बघूनच पडली. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता, माशांकडेसुद्धा. "साहेब, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, कुणालाही विचारा," असं तीनतीनदा म्हणाला. म्हणजे मुलाची चौकशी करायला आलोय हे त्याला ठाऊक होतं! पिझ्झा स्वतःच्या हाताने वाढला. पैसे नको.

मनात म्हटलं, अरे देवा, दोन. घाबरून पुढच्या दुकानात शिरलो, जरा पाणी प्यावं म्हणून. तिथे एक कुरळ्या केसांचा. मी आत पाऊल टाकलं आणि आतल्या सगळ्यांनी डोक्यावर टोप्या चढवल्या. मला वाटलं, मान देण्याची पद्धत असेल. मग तो मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि फ्रीज उघडून दाखवला. दुधाच्या पिशवीवरची तारीख दाखवली. आता तूच सांग, मुलीकडच्यांना फ्रीज कोण दाखवतं? ज्याला संसार थाटायचाय तोच ना!

तिघेही तरुण, तिघेही नजर चुकवतात, तिघेही माझा शब्द मागतात. अक्का, चिमीने तिघांनाही वचन दिलंय का गं? काल तिला आडून विचारलं, "तुझं मन एकाच ठिकाणी आहे ना?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला चीज बाधतंय."

मला झोप नाही. पिझ्झे मात्र तिन्ही अप्रतिम होते.

तुझा धाकटा


२६ फेब्रुवारी

अरे शहाण्या,

आधी जाकीट काढ!

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. खाकी जाकीट, छातीवर बिल्ल्याचा डाग, दारात उभं राहून माणसं मोजणं, टेबलाखालून बोट फिरवणं. भित्रू, ते तुला तपासणीला आलेला सरकारी साहेब समजत होते! म्हणून टोप्या. म्हणून फ्रीज. त्या बिचाऱ्यांना तुझी नात आहे की नाही हेसुद्धा माहीत नाही, आणि तू मनातल्या मनात तिघांना मांडवात उभं केलंस!

पोरीला उगीच काही विचारलंस त्याबद्दल तिला काहीतरी चांगलं घेऊन दे.

आतापर्यंतचं सगळं खाणं रद्द. साहेबाला वाढलेला पिझ्झा तो खरा पिझ्झा नव्हे. चिमीचा एखादा स्वेटर घालून जा, कुणी ढुंकून बघणार नाही असा. पहिल्यापासून परत खा.

पिठात काय घालतात ते तू लिहिलंच नाहीस. मी आपलं अंदाजाने घातलं. फुगलं नाही.

अक्का


५ मार्च

अक्का,

लाजेने दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग चिमीने तिचा जांभळा स्वेटर दिला. पुढे मांजर विणलेलं आहे. आरशात बघून मीच स्वतःला ओळखलं नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. काचवाल्याने माझ्याकडे बघितलंही नाही. गार, चामड्यासारखा तुकडा मिळाला. मीठ मागितलं तर नोकर म्हणाला, "आजोबा, ते तिकडे असतं," आणि "तिकडे" म्हणजे कुठे ते मला अजून कळलेलं नाही. मासेवाल्याने संडासाच्या दाराशेजारी बसवलं. कुरळ्याकडे कुणाच्याच डोक्यावर टोपी नव्हती आणि माझ्या पिझ्झ्यात एक कुरळा केस होता. पायऱ्यांखालचा तो उद्धट मात्र तसाच. "काका, रांग तिकडून आहे." पिझ्झाही तसाच, मधे जाड. त्याला जाकीट काय आणि मांजर काय, सगळं सारखंच.

मग वळणापलीकडे गेलो. लाँड्रीला लागून एक अरुंद दुकान आहे, बसायला फक्त एक बाकडं. आत विटांची भट्टी. गरम म्हणजे काय गरम! मी कड मोडली, तर वाळक्या पानावर पाय पडावा तसा आवाज आला. आत मऊ, वाफ निघणारं. टोमॅटो आधी आंबट लागतो, मग गोड, आणि गिळल्यावर परत आंबट. चीज ताणलं जाऊन तुटतं, कवळीच्या वाटेला जात नाही. अक्का, मी डोळे मिटले. शेजारच्या बाईने विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "बाई, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं." मग आणखी एक घेतला. मग रस्त्यातून परत फिरलो आणि आणखी एक घेतला. दुसऱ्या दिवशी खात्री करायला गेलो, तिसऱ्या दिवशी खात्रीची खात्री करायला. उगीच घाईत निकाल नको.

हाच पहिला. यात शंकाच नाही. आणि इथेच माझे हातपाय गार पडले.

कारण करणारा कोण म्हणशील? एक टकल्या! वय माझ्या मुलाहून दोनचार वर्षं जास्तच. मिशा एवढाल्या, पोट भट्टीला टेकतं. मी धीर करून विचारलं, "आपलं लग्न झालंय का?" तर खदखदून हसला. "दोनदा झालं, दोनदा सुटलो. का, एखादं स्थळ आहे का?"

खरं सांगितलं तर आपली चिमी या टकल्याला जाते. खोटं सांगितलं तर तिचं मन मोडतं, आणि जन्मभर तपासनीस म्हणून वागलो त्यावरही पाणी पडतं. घासातला आनंद घशात अडकलाय. मी काय करू?

तुझा धाकटा


१० मार्च

भित्रू,

खरं सांगायचं. विचारतोस काय?

मंत्र्याचा भाचा आहे म्हणून तू कधी विनातिकीट कुणाला सोडलं नाहीस. त्यापायी बदली झाली तरी नाही. मग नातीला सोडणार? टकल्या असेल तर टकल्या. दोनदा सुटलेला तिसऱ्यांदा कसा सुटतो ते मी बघून घेईन.

मी तव्यावर केला होता. खालून करपला, वरून कच्चा. शेजारणीने तरी दोन तुकडे खाल्ले, पण ती काहीही खाते.

अक्का


१७ मार्च

अक्का,

सांगितलं. आता सगळं क्रमाने लिहितो, माझा मलाच गोंधळ होऊ नये म्हणून.

चिमी कामावरून आली, चप्पल काढली, तेवढ्यात मी उभा राहून म्हणालो, "लाँड्रीशेजारचं दुकान. सगळ्यांत चांगलं तेच. आणि पोरी, तो वयाने मोठा असला तरी मी तुझ्या पाठीशी आहे."

ती म्हणाली, "कोण मोठा?"

"तो टकल्या."

"टकल्याकाका? त्यांच्याशी मी?" असं म्हणून जी हसत सुटली ती थेट पलंगावर जाऊन पडली. मीही हसलो, का ते न कळता. जीव भांड्यात पडला की माणूस असाच हसतो. मग हसता हसता तिचं हसणं थांबलं आणि डोळे भरून आले. "म्हणजे मी हरले, आजोबा." उशीत तोंड घालून रडायला लागली. ज्या जिभेने हे केलं ती चावून टाकावीशी वाटली मला.

काल संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडतो तर कोपरापर्यंत पीठ माखलेला तो पायऱ्यांखालचा! मी म्हटलं, "तुम्ही?" तो म्हणाला, "तुम्ही? तुम्ही तर दोन वेळा माझ्या रांगेत पुढून घुसला होतात!"

हाच तो मुलगा, अक्का. चिमीने त्याला माझ्याबद्दल काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. म्हणे, ते फसवणं झालं असतं.

हातात काही आणलं नव्हतं त्याने. म्हणाला, "मुद्दाम रिकामा आलो, लाच वाटू नये म्हणून. आजोबा, तुमचा निकाल बरोबर आहे. सुटीच्या दिवशी मीसुद्धा टकल्याकाकांकडेच जेवतो. हिला आधीच म्हटलं होतं, ही पैज लावू नकोस, हरशील."

आतून चिमी ओरडली, "मला याचाच आवडतो!"

तो म्हणाला, "तिचं सोडा, तिला माझं सगळंच आवडतं. माझा दुसरा नंबर असेल, नाही का?"

अक्का, मला खोटं बोलता आलं असतं. पोरगी रडून रडून लाल झालेली. पण तोंडातून निघून गेलं, "दुसराही नाही. मधे जाड होतो. जांभळ्या स्वेटरात खाल्ला तेव्हा दुसरा कुणीच नव्हता, बाकीचे सगळे रद्द झाले. तरी तुझा तिसरा. दुसरी जागा रिकामी ठेवली आहे."

तो हसला. इतका हसला की कठडा हलला, दार उघडंच होतं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि विचारलं, "मधे जाड म्हणजे नेमका कुठे, आजोबा?" मी बशीवर बोटाने दाखवलं. तो मान हलवत बघत होता. नजर एकदाही चुकवली नाही.

जाताना म्हणाला, "हरलो ते हरलो. पण अक्काआजींना माझा नमस्कार कळवा." चिमीने कपडे भरायला घेतलेत. तुला दिलेला शब्द मोडणार नाही म्हणते. मी विमावाल्याच्या नावाने आताच पाचक गोळी घेतली.

तू म्हणशील तसं.

तुझा धाकटा


२१ मार्च

भित्रू,

चिमीला कपडे परत कपाटात ठेवायला सांग. पण पत्र पुढे वाच, लगेच उड्या मारू नकोस, कंबर धरेल.

तूच पहिल्या पत्रात अट लिहून काढली होतीस. चिमी हरली तर मुलगा मी निवडणार. ती हरली. मी शब्दाला पक्की आहे, म्हणून मुलगा मी निवडला आहे. तो पायऱ्यांखालचा. माझ्या निवडीवर कुणी वाद घालायचा नाही, चिमीने तर मुळीच नाही. विमावाल्याकडे निरोप गेला. तो सावरेल, त्याने स्वतःचा विमा उतरवलेलाच असेल.

का, ते तुला अजून कळलं नसेल म्हणून लिहिते. तू साहेब होऊन गेलास तेव्हा सगळे घाबरले, मांजर होऊन गेलास तेव्हा सगळ्यांनी तोंड फिरवलं. त्या एकट्याने दोन्ही वेळा तुला रांगेतच उभं केलं, पुरेपूर पैसे घेतले आणि जाडसर का होईना, तोच पिझ्झा दिला. हे तूच मला लिहिलंस, आणि तूच त्याला खोडून टाकलंस. जन्मभर तू नजर चुकवणारे शोधलेस रे. न चुकवणारा समोर उभा राहिला, तर तुला उद्धट वाटला.

मी पुढच्या आठवड्यात येते. माझा तवा घेऊन येते. मुलाला माझं पीठ का फुगत नाही ते विचारायचं आहे.

लग्नाचं जेवण मात्र त्याला करू देऊ नकोस. ते टकल्याला सांग. आणि त्याने पुन्हा स्थळाचं विचारलं, तर म्हणावं, रांग तिकडून आहे.

अक्का